वाहून गेले

गेली अठ्ठावीस वर्षे आम्ही महाविद्यालयातील तरुणांस इंग्रजी काव्य शिकवीत आलो आहोत, आणि त्या काव्यात हिमाचे वर्णन आले की आमची वाणी विशेष खुलते, असा आमचा लौकिक आहे. हिमाची शुभ्रता, त्याची निःशब्दता, त्याच्या आच्छादनाखाली विसावलेली धरित्री, यांवर आम्ही तासच्या तास बोललो आहोत. हे सर्व करीत असता शीतकपाटाच्या वरच्या खणात साचलेल्या बर्फाखेरीज अन्य हिम आम्ही पाहिलेले नव्हते. पण ही गोष्ट कोणाही विद्यार्थ्याच्या ध्यानी आली नाही, व आम्हीही ती होऊन सांगितली नाही. मायबोलीचीही या बाबतीत आम्हांस साथच होती. आकाशातून कापसासारखा उतरतो तोही बर्फ, नदीच्या पृष्ठावर दगडासारखा जमतो तोही बर्फ, आणि उसाच्या रसाच्या पेल्यात किणकिणतो तोही बर्फच. जेथे व्यवहारात शब्द एक, तेथे भेद जाणण्याचे प्रयोजन ते काय!

गेल्या वर्षी दीर्घ रजा पदरी पडली, आणि अमेरिकेत ओहायो संस्थानात राहणाऱ्या आमच्या धाकट्या भगिनीकडे आम्ही अडीच महिने जाऊन राहिलो. तिचे गाव टोलीडो. इरी नावाच्या विस्तीर्ण सरोवराच्या पश्चिम टोकास, मॉमी नदी जेथे त्या सरोवरास मिळते तेथे हे शहर वसलेले आहे. आम्ही जानेवारीत पोहोचलो, आणि तिसऱ्याच दिवशी पहाटे खिडकीचा पडदा सारताच आमचे अठ्ठावीस वर्षांचे अध्यापन आमच्यापुढे मूर्तिमंत उभे राहिले. रस्ता, कुंपणे, शेजाऱ्यांची मोटार, निष्पर्ण मेपल वृक्ष, सर्व काही एका रात्रीत धुऊन वाळत घातल्यासारखे पांढरे झाले होते. आम्ही भगिनीस हाक मारली व म्हणालो, “पाहा, सारी सृष्टी कशी निर्मळ झाली आहे!”

ती चहाचे आधण ठेवीत होती. मागे वळूनही न पाहता ती म्हणाली, “दादा, पांढरं म्हणजे निर्मळ नव्हे. मार्चमध्ये हे वितळू दे. मग नदीवर जाऊ, आणि मग तू बोल.”

काव्याच्या अध्यापकास असे उत्तर रुचणारे नव्हते. परंतु तिच्या बोलण्यास कारण होते, आणि ते आमच्या घरातील सर्वांस ठाऊक आहे.

२०१४ सालच्या ऑगस्ट महिन्याची २ तारीख; श्रावणातला शनिवार. आमचा भाचा तेव्हा पाच महिन्यांचा होता, आणि लेकीच्या बाळंतपणासाठी गेलेल्या आमच्या मातोश्री अजून तिकडेच होत्या. बाळास वरचे दूध सुरू झाले होते. त्याची भुकटी पाण्यात कालवावयाची, आणि ते पाणी मातोश्रींच्या देखरेखीखाली रोज रात्री खळखळ उकळले जावयाचे. येथे नळाचे पाणी उकळण्याचे कारण नाही, असे मेहुण्यांनी नम्रपणे सुचवून पाहिले होते. परंतु “पाणी ते पाणी” या तीन शब्दांत मातोश्रींनी त्या वादाचा निकाल लावला होता. त्या रात्री दोनच्या सुमारास शहराच्या अधिकाऱ्यांची सूचना निघाली. नळाचे पाणी पिऊ नये. आणि त्याच्याच खाली, ते उकळू नये. उकळल्याने त्यातील विष नाहीसे होत नाही. पाणी तेवढे आटते, आणि विष अधिकच दाट होते.

मातोश्रींच्या सत्तर वर्षांच्या संसारात पाण्याच्या सर्व रोगांवर एकच औषध होते. कृष्णेला पूर येवो, गावात पटकीची कुणकुण लागो, कोणास विषमज्वर होवो, पातेले चुलीवर चढलेच. अग्नीलाही न जुमानणारे असे काही पाण्यात असू शकते, हे त्यांस त्या रात्री प्रथम कळले. भगिनीने अकरा वाजता बाळास पाजले होते. उजाडेपर्यंत ती त्याच्या उशाशी बसून त्याचे श्वास मोजीत राहिली. सुदैवाने बाळास काहीही झाले नाही. सकाळी शहरातील दुकानांतून पाण्याच्या बाटल्या पाहता पाहता संपल्या, आणि मेहुणे मोटार घेऊन शेजारच्या मिशिगन संस्थानात पाणी शोधीत गेले. मातोश्रींपुढे तर आणखी एक प्रश्न होता: देवांस स्नान कशाने घालावयाचे? अखेर कारखान्यात भरलेल्या बाटलीचे बूच उघडून त्यांनी बाळकृष्णावर अभिषेक केला. चार लाखांहून अधिक माणसांची ही अवस्था सोमवार सकाळपर्यंत राहिली. मग बंदी उठली. पुढे शहराने जलशुद्धीकरणावर मोठा खर्च केला. भाचा आज शाळेत जातो, आणि सर्व मुलांप्रमाणे नळाचे पाणी पितो. भगिनी मात्र पेला तोंडास लावण्यापूर्वी आजही क्षणभर थांबते. हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले.

ते विष कोठून आले? सरोवरात नीलहरित शेवाळ माजते, व त्यातील काही जाती मायक्रोसिस्टिन नावाचे, यकृतास बाधणारे द्रव्य निर्माण करतात. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे एक मायक्रोग्रॅमहून, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या हिश्शाहून अधिक असू नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. इरी सरोवराचा पश्चिम भाग उथळ. सरासरी खोली सात-साडेसात मीटर, आमच्या गावच्या जुन्या विहिरीएवढीच. उन्हाळ्यात तो लवकर तापतो. शेवाळास ऊब मिळाली की मग केवळ अन्नाची गरज. आणि ते अन्न म्हणजे प्रामुख्याने स्फुरद. आमचे शेतकरी पोत्यावरील नत्र, स्फुरद, पालाश ही त्रयी पाहून खत घेतात, त्यातलेच हे मधले. पिकास जे पोसते तेच सरोवरातील शेवाळासही पोसते. पीक आणि शेवाळ यांत पंक्तिप्रपंच करणे स्फुरदास ठाऊक नाही.

एके काळी हे स्फुरद मुख्यतः शहरांच्या मैलापाण्यातून व कपडे धुण्याच्या चूर्णातून येत असे. १९६० नंतरच्या दशकात इरी सरोवर मेले, असे लोक उघडपणे म्हणू लागले. १९७२ साली अमेरिका व कॅनडा या दोन राष्ट्रांनी करार केला. मैलापाणी शुद्ध होऊ लागले, चूर्णांतील स्फुरद उतरले, आणि सरोवराने खरोखरच पुनर्जन्म घेतला. तथापि हा आनंद फार काळ टिकला नाही. १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यापासून शेवाळ परत येऊ लागले, आणि या खेपेस त्याचा माग मॉमी नदीच्या काठाकाठाने शेतांपर्यंत गेला. या नदीच्या खोऱ्यातील सत्तर टक्क्यांहून अधिक भूमी शेतीखाली आहे. मैलापाण्याच्या नळाकडे बोट दाखविता येते व त्यास बूच मारता येते. हजारो शेतांतून थेंबथेंब झिरपणाऱ्या पाण्याकडे किती बोटे दाखवावी?

या भूमीची पूर्वपीठिकाही ऐकण्यासारखी आहे. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी येथे सुमारे १२० मैल लांब असे ‘काळी दलदल’ या नावाचे अरण्य होते. घोड्याचे पोट टेकावे एवढा चिखल, आणि हिवतापाचे माहेरघर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वसाहतकारांनी चर खणले, भाजलेल्या मातीच्या नळ्या जमिनीखाली पुरल्या, व ती दलदल उपसून तिचे अव्वल प्रतीचे शेत केले. आमच्या कृष्णाकाठच्या क्षारपड रानांतून हल्ली सच्छिद्र नळ्या पुरतात, त्यांच्याच या पूर्वज. परंतु दलदल ही नदीची गाळणी होती, ही गोष्ट त्या काळी कोणाच्या मनात आली नाही. गाळणी गेली, आणि तिच्या जागी शेतातून थेट चराकडे, चरातून ओढ्याकडे व ओढ्यातून नदीकडे जाणारा हमरस्ता तयार झाला.

शहर आणि शेत यांमधील वैमनस्य त्या रात्रीपासून वाढत गेले. २०१९ सालच्या फेब्रुवारीत टोलीडोच्या मतदारांनी एक विलक्षण ठराव संमत केला: इरी सरोवरास जगण्याचे व फुलण्याचे स्वतःचे हक्क आहेत. आमच्या भगिनीने त्यास मत दिले होते. दुसऱ्याच दिवशी शेतकऱ्यांच्या बाजूने त्याविरुद्ध दावा दाखल झाला, आणि २०२० साली न्यायालयाने तो ठराव रद्द ठरविला. नदीस माय म्हणणाऱ्या देशातून आलेल्या आम्हांस त्या ठरावाचे नवल वाटले नाही. तो रद्द झाल्याचेही वाटले नाही. मायेस हक्क कोठे असतात!

फेब्रुवारीच्या मध्यास मेहुण्यांच्या एका सहकाऱ्याने आम्हांस आपल्या वडिलांच्या शेतावर बोलाविले. भगिनीने येण्याचे नाकारले. “तू जा, दादा. मला त्यांच्या घरची कॉफी गोड लागायची नाही,” एवढेच ती म्हणाली. आम्ही मेहुण्यांसमवेत गेलो. वाटेत दोन्ही बाजूंस सपाट, क्षितिजापर्यंत पसरलेली पांढरी शेते. मात्र रस्त्याकडेच्या चरांत साचलेल्या हिमावर काळपट थर दिसत होता. उघड्या पडलेल्या रानांवरून वाऱ्याने उडविलेली ती माती होती. आमच्या शुभ्रतेवर पडलेला हा पहिला डाग.

म्हातारा शेतकरी पंचाहत्तरीच्या पुढचा, मितभाषी, आणि हात आमच्या चुलत्यांच्या हातांसारखे. त्याच्यापाशी गाई आहेत, मका व सोयाबीन आहे. गोठ्यामागे काँक्रीटची एक भलीमोठी टाकी त्याने आम्हांस दाखविली. तीत शेणकाला साठविलेला होता. माणूस जसे आपले नवे घर दाखवितो तशी तो ती टाकी दाखवीत होता. आणि तिचे कर्ज अद्यापि फिटावयाचे आहे, हेही त्याने सांगून टाकले.

त्याच्या वडिलांच्या काळी अशी टाकी नव्हती. गाय हिवाळा पाहून शेण टाकावयाची थांबत नाही. गोठ्यातले शेण रोज काढावे लागे, व ते रोज शेतावर नेऊन हिमावर पसरावयाचे. यात त्यांचा आळस नव्हता. गोठलेली जमीन गाड्याचे ओझे पेलते, तीच मार्चमध्ये चिखल होऊन चाके गिळते व दडपली जाऊन पुढे पिकासही नाठाळ होते. शिवाय हिवाळ्यात हात मोकळे असतात. वसंतात पेरणीची घाई. शेण रोज निघते, जमीन ओझे पेलते, हात रिकामे आहेत, ही तिन्ही कारणे शहाणपणाची. पण गोठलेल्या जमिनीची रंध्रे बर्फाने बुजलेली असतात. ती पाणी पीत नाही, शेणही पोटात घेत नाही. वरवर पसरलेले ते धन हिमाच्या थरांत अडकून राहते, आणि पहिल्या उष्म्यास, विशेषतः त्यावर पाऊस झाला तर, चराच्या वाटेने चालू लागते.

हे ऐकत असता आमच्या तोंडून नकळत एक मराठी शब्द निघून गेला: “वाफसा!” म्हाताऱ्याने प्रश्नार्थक पाहिले, तेव्हा आम्ही समजावून सांगितले की, जमीन फार ओली नाही, फार कोरडी नाही, औत घालावयास व बीखत स्वीकारावयास राजी आहे, अशा तिच्या अवस्थेस आमच्याकडे हे नाव आहे; वाफसा नसता रानात पाऊल टाकू नये असा आमच्या वडिलांचा दंडक होता. त्याने तो शब्द दोनदा उच्चारून पाहिला, आणि म्हणाला की त्याच्या भाषेत असा एक शब्द नाही, पण २०१५ साली ओहायोच्या विधिमंडळाने जो कायदा केला त्याचा अर्थ हाच होय. पश्चिम इरीच्या खोऱ्यात गोठलेल्या, हिमाच्छादित वा पाण्याने तुडुंब झालेल्या जमिनीवर खत पसरण्यास त्या कायद्याने मनाई केली; मोठ्या पावसाचे भाकीत असतानाही मनाई केली. जमिनीत टोचून घातलेले किंवा उभ्या पिकास दिलेले खत, असे काही अपवाद ठेविले.

हिवाळ्याची करणी मात्र एवढ्यावर संपत नाही, हे आम्ही पुढे वाचून जाणले. पाणी गोठते तेव्हा बर्फाचा स्फटिक मोठा सोवळा असतो. आपल्या पंक्तीस तो केवळ पाण्यासच बसू देतो, आणि क्षार व इतर द्रव्ये बाहेर, कणांच्या कडांवर लोटतो. हिमाचा थर दिवसा किंचित वितळून रात्री पुन्हा गोठत राहिला की ही लोटालोट वाढत जाते. मग वितळण्याचा खरा हंगाम येतो, तेव्हा पहिले पाणी या कडांवरील सर्व मळ धुऊन घेते. एकूण वितळणाऱ्या पाण्याच्या पहिल्या तिसऱ्या हिश्शात निम्म्याहून अधिक विद्राव्य द्रव्ये निघून जाऊ शकतात. मागाहून येते ते पाणी निर्मळ. आम्ही ज्या शुभ्रतेचे गोडवे गात आलो, तिचा खर्च पहिल्या पाण्याच्या नावे पडलेला असतो! तसेच रानात उभी ठेवलेली हिरवी आच्छादनपिके व धाटे गोठून त्यांच्या पेशी फुटतात, आणि त्यांतील स्फुरद पाण्यास सहज मिळते. खुद्द नदीवर बर्फाचे झाकण बसले की वाऱ्यातील प्राणवायू पाण्यास मिळेनासा होतो. त्यावर हिम साचले म्हणजे उजेडही तुटतो. अशा कोंडलेल्या पाण्यात शेणकाला उतरला, तर ते कुजविण्यात उरलासुरला प्राणवायू खर्ची पडतो आणि मासे गुदमरतात.

हिमाचा पक्षही मांडला पाहिजे. जाड हिम हे जमिनीचे पांघरूण आहे. त्याखालची जमीन उघड्या जमिनीइतकी खोल गोठत नाही. सर्वांत वाईट तो हिवाळा, ज्यात जमीन उघडी गोठते व वर पाऊस पडतो. शिवाय सरोवरातील शेवाळाचा हिशेब केवळ हिमाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. मार्च ते जुलै या महिन्यांत मॉमी नदी जे स्फुरद आणते, त्यावरून शास्त्रज्ञ त्या वर्षीच्या शेवाळाचे भाकीत करतात, आणि त्यात वसंतातील मुसळधार पावसाचा हात मोठा आहे. वितळणारे हिम हा त्या कर्जाचा पहिला हप्ता.

ही सर्व मोजदाद कोणी ठेवली? टोलीडोपासून काही अंतरावर टिफिन नावाचे गाव आहे. नाव ऐकून आम्हांस हसू आले, पण तेथील हायडलबर्ग विद्यापीठाचे काम ऐकून हसू मावळले. १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यापासून तेथील लोक मॉमी नदीच्या पाण्याचे नमुने, उन्हात व हिमात, सातत्याने घेत आले आहेत. त्यांच्या वहीमुळेच कळले की मातीबरोबर वाहणारे स्फुरद कमी झाले असतानाही पाण्यात विरघळलेले स्फुरद वाढत गेले.

या शोधाने म्हाताऱ्याचे मन दुखावले आहे. जमीन नांगरू नका म्हणजे माती वाहणार नाही, असे तज्ज्ञांनी सांगितले. त्याने नांगर ठेवून दिला. माती खरोखरच वाहावयाची थांबली. पण नांगर बंद झाल्यामुळे वर टाकलेले खत वरच्याच दोन बोटे मातीत साचत गेले, आणि पावसात विरघळून निघू लागले. “आम्ही तुम्हां प्राध्यापकांचेच ऐकले होते,” असे तो म्हणाला. त्यात राग नव्हता. पण आम्ही मान खाली घातली.

निघताना त्याने एक जुनी आठवण सांगितली. कायद्यापूर्वीच्या एका मार्चमध्ये खत पसरून झाले, त्याच रात्री पाऊस आला, आणि सकाळी शेत धुऊन निघालेले. “किती डॉलरांचे नुकसान झाले हे मी आजही सांगू शकेन,” तो म्हणाला. “सगळे वाहून गेले. मुद्दाम आपला पैसा कोणी पाण्यात टाकतो का?”

वाहून गेले! हे शब्द त्याने त्याच्या भाषेत उच्चारले, पण आम्हांस ते ऐकू आले ते आमच्या चुलतबंधूंच्या आवाजात.

कृष्णाकाठी आमचा वडिलोपार्जित अडीच एकर ऊस आहे. आम्ही शहरात असल्यामुळे तो चुलतबंधू करतात, आणि हिशेबाची वही वर्षातून एकदा आमच्याकडे येते. त्या वहीत असे लेख आहेत: मोठ्या बांधणीस युरिया ६ पोती, रात्री मोठा पाऊस, वाहून गेले, पुन्हा ४ पोती. वर्षानुवर्षे आम्ही ते वाचले, पोत्यांची किंमत आमच्या हिश्शातून वजा केली, आणि हळहळलो. इंग्रजी क्रियापदांचे कर्म व पूरक शोधण्यात ज्याची हयात गेली, त्या आम्हांस ‘वाहून गेले’ या क्रियापदापुढे ‘कोठे?’ हा प्रश्न एकदाही सुचला नाही. आमच्या गावाखाली नदीच्या काठी गावे आहेत. तेथे नळ आहेत, पातेली आहेत, आणि बाळांचे दूध कालविणाऱ्या माताही आहेत.

परतताना म्हाताऱ्याने आपल्या मेपल वृक्षांच्या पाकाची एक बाटली भगिनीसाठी दिली. तिने ती फळीवर ठेविली, उघडली नाही.

मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात उष्मा आला. दोन दिवस छपरांवरून पागोळ्या गळत होत्या, तिसऱ्या दिवशी पाऊस झाला, आणि चौथ्या दिवशी भगिनीने दिलेला शब्द पाळला. ती, भाचा व आम्ही असे तिघे शहरावरच्या अंगास जेथे नदी खडकांवरून वाहते तेथे गेलो. नदीचे बर्फ फुटत होते. दाराएवढे, ओट्याएवढे तुकडे एकमेकांवर चढत, काठाची माती ओरबाडीत, करकर आवाज करीत चालले होते. आणि त्यांच्यामधून जे पाणी दिसत होते ते दूध घालून उकळलेल्या चहाच्या रंगाचे होते. दोन महिने ज्या भूमीस आम्ही निर्मळ म्हणत होतो, तिचे हे पहिले पाणी.

“बघ,” भगिनी म्हणाली. “हे सगळं ऑगस्टमध्ये आमच्या दारात येणार. आणि त्या लोकांना त्याचं काही नाही.”

आम्ही तिला टाकीची व तिच्या कर्जाची हकीकत सांगितली. ती गप्प राहिली. मग आम्ही वहीची हकीकत सांगितली. ती सांगताना जड गेले. कारण त्या अडीच एकरांतला ऊस केवळ आमचा नाही. त्याच उसाच्या पैशावर तिचे अभियांत्रिकीचे शिक्षण झाले, आणि अमेरिकेस येण्याचे पहिले तिकीटही त्याच पैशांतून निघाले. ती बराच वेळ पाण्याकडे पाहत होती.

“म्हणजे, दादा, आपल्या खालच्या गावाला आपण...” एवढे बोलून ती थांबली. वाक्य आम्हीही पुरे केले नाही.

भाच्याने मात्र विचारले, “मामा, मग तुम्ही आता काय करणार?” मुलांस वाक्ये अर्धी सोडण्याची सवय नसते.

त्या रविवारी भगिनीने न्याहारीस घावन केले, आणि मेपलच्या पाकाची बाटली उघडून मुलाच्या पानात वाढली. स्वतः तिने घेतला की नाही, हे आम्ही मुद्दाम पाहिले नाही.

परत आल्यावर मृगापूर्वी आम्ही गावी गेलो व चुलतबंधूंपुढे सर्व मांडले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “दादा, तुमचं खरं. पण बांधणीला वाफसा लागतो, आणि तो पहिल्या सरीनंतर चारच दिवस मिळतो. मजूर मिळतील तो दिवस आपला. पुढचा पाऊस कधी, ते मी कोणाला विचारू?” ओहायोच्या म्हाताऱ्याचीच ही तीन शहाणपणाची कारणे, केवळ हिमाऐवजी मृगाच्या पोशाखात! आम्ही वाद घातला नाही. तीन गोष्टी ठरल्या. खत वर न फेकता सरीत मातीआड घालावयाचे. एकदम न देता दोन हप्त्यांत द्यावयाचे, व त्यासाठी लागणारी जास्त मजुरी आमच्या हिश्शातून. आणि नदीकडच्या दोन सऱ्या उसाच्या न लावता तेथे गवत वाढू द्यावयाचे. शेवटल्या कलमास बंधू हसले. दोन सऱ्यांनी कृष्णा निर्मळ होणार काय, असा त्या हसण्याचा अर्थ होता, आणि त्यांचे म्हणणे गणिताने बरोबर आहे. आमच्या दोन सऱ्यांनी तिचे पाणी निर्मळ होणार नाही. पण वरपासून खालपर्यंत प्रत्येकाच्या दोन-चार पोत्यांनीच ते गढूळ झाले आहे, तेव्हा आरंभ करावयाचा तो याच मापाने करावा लागेल.

वर्गात हिमाची कविता आम्ही आजही शिकवितो, आणि ती आम्हांस पूर्वीइतकीच प्रिय आहे. फक्त शेवटी सोवळ्या स्फटिकाची व पहिल्या पाण्याची गोष्ट सांगतो. हे परीक्षेस येईल काय, असे एका विद्यार्थ्याने परवा विचारले.

यंदाची वही नुकतीच आली. पहिला हप्ता जमिनीत मुरला. दुसरा घातला त्या रात्री ढगफुटीसारखा पाऊस झाला, आणि त्यातला काही भाग गेलाच. बंधूंनी नेहमीप्रमाणे लिहिले आहे: वाहून गेले. आम्ही लेखणी घेतली, आणि त्या दोन शब्दांपुढे आमच्या खालच्या गावाचे नाव लिहून ठेविले.